मास्तरांची वही: सत्तरीतल्या एका घरासाठी एचएफ सेट निवडताना

मास्तरांनी माझ्यापुढे ठेवलेल्या दोनशे पानी वहीच्या मधोमध पाच रकाने आखलेले होते. वर पाच एचएफ सेटची, म्हणजे लांब पल्ल्याच्या लहरींवर बोलण्या-ऐकण्याच्या हौशी (हॅम) रेडिओ यंत्रांची नावं: येसू एफटी-९९१ए, आयकॉम आयसी-७३००, येसू एफटी-८९१, शीगू जी-९०, आणि शेवटी हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेला मायक्रोबिटएक्स. डावीकडे तेवीस मुद्दे आणि प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. बँडची संख्या, वॉट, पडद्याचा आकार, फिल्टर, वजन, किंमत, काहीच सुटलं नव्हतं. हयातभर उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने रेडिओसुद्धा उत्तरपत्रिकेसारखे तपासले होते. ९९१ए ला १८७ गुण, ७३०० ला १८१, बाकीचे बरेच मागे.

"निकाल लागलाय," मास्तर म्हणाले, "तू फक्त सही कर."

मी विचारलं, "मास्तर, ह्यात तुमच्या घराला किती गुण?"

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ही नजर मी अकरावीत असताना पाहिली होती. पण त्यांनी वहीचं पान उलटलं आणि नवीन पानावर "घर" असं लिहून खाली रेघ मारली. पुढचे तीन महिने आम्ही प्रामुख्याने त्या पानावर काम केलं. सेट त्यानंतर आला.

घर आणि गरज

घर सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे डोंगर जवळजवळ यायला लागतात तिथे. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे पोर्च, मागे कुळागर. कुळागरात पोफळी, माड, मिरीच्या वेली आणि पाण्याचा पाट. घरात मास्तर आणि काकू दोघंच. मुलगा पुण्यात.

मास्तरांकडे हौशी रेडिओचा खालच्या श्रेणीचा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना बरीच वर्षं होता, म्हणजे कॉल साइन (हवेतली ओळख) व्हीयू३ ने सुरू होणारी आणि शक्तीची मर्यादा ५० वॉट. प्रत्यक्षात त्यांनी हातात मावणाऱ्या चिनी सेटपलीकडे काही वापरलं नव्हतं. त्या सेटवरून दोन मीटर लहरलांबीच्या बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) डोंगरापलीकडचं काहीही ऐकू येत नसे, त्यामुळे तो पुस्तकांच्या कपाटावर पडून होता.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं पडली, विजेचे खांब पडले, मास्तरांच्या वाडीत पाच दिवस वीज नव्हती. मोबाइलचा मनोरा दुसऱ्या दिवशी गप्प झाला. पुण्याच्या मुलाला आई-वडील सुखरूप आहेत हे तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शेजारचा एकजण मोटारसायकलने साखळीच्या दिशेने रेंज शोधत गेला म्हणून. दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, म्हादईला पूर आला. एका वर्षात दोनदा असं झाल्यावर मास्तरांनी ठरवलं की एचएफ सेट घ्यायचा.

मी त्यांना खोदून खोदून विचारलं की बोलायचं कोणाशी आणि कधी. उत्तर साधं निघालं. कोल्हापुरात त्यांचा एक जुना हॅम मित्र आहे, पुण्यात दोघे-तिघे ओळखीचे आहेत, त्यांच्याशी रोज सकाळी चाळीस मीटरवर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या बँडवर, बोलायचं. संकटात त्यांच्यामार्फत निरोप पोचवायचा. बाकी "जमलं तर परदेश". म्हणजे वहीतल्या तेवीस मुद्द्यांपैकी निम्मे ज्याच्यासाठी होते ते काम त्यांना करायचंच नव्हतं.

वाळपई ते कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर, पुणे ३३० च्या आसपास, बेळगाव तर जेमतेम पन्नास-पंचावन्न. पण मध्ये सह्याद्री उभा. इथे सरळ समोर जाणारी लहर कामाची नाही. जवळजवळ उभी वर जाऊन वातावरणाच्या वरच्या थरावरून, आयनावरणावरून, परत खाली येणारी लहर हवी; बागेतल्या नळीचं तोंड आभाळाकडे धरलं की चारी बाजूंना शिंतोडे पडतात तशी. चाळीस मीटरचा बँड दिवसा हे काम उत्तम करतो. त्यासाठी उंच मनोरा लागत नाही, उलट तार फार उंच नसलेलीच बरी. सात मेगाहर्ट्झला अर्ध्या लहरीची तार वीस मीटर, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे दहा-दहा. मधला टोक नऊ मीटरवर आणि दोन्ही हात खाली उतरते ठेवले की झालं. नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याने एका माडावर दोरी चढवून दिली. आधी आम्ही गोफणीने दगड फेकून पाहिला होता. त्यात पाटातली एक मडकी फुटली, ते काकूंना अजून आठवतं.

मेन स्विच

पहिल्या भेटीला मी माझा जुना सेट, एक बॅटरी आणि पायऱ्यापायऱ्याने सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर घेऊन गेलो होतो. तार चढली, कोॲक्स (तारेपासून सेटपर्यंतची केबल) जोडली, सेट लावला. सकाळचे साडेनऊ. चाळीस मीटरवर ह्या वेळी महाराष्ट्र आणि कर्नाटकातले आवाज भरलेले असायला हवेत. आम्हाला ऐकू आली ती एकसुरी घरघर. सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर एस-८ वर. कोणीतरी बोलत होतं एवढं कळत होतं, काय ते नाही.

मास्तर म्हणाले, "तुझा सेट जुना आहे. ९९१ए ला डिजिटल नॉइज रिडक्शन आहे."

मी काकूंना विचारून घराचा मेन स्विच खाली ओढला. घरघर एकदम गळून पडली. मीटर एस-३ वर आला आणि त्या शांततेत दोन माणसं पेरणीच्या खतावर बोलत असलेली स्वच्छ ऐकू आली. मास्तर खुर्चीच्या कडेला सरकले.

इथे एक सावधगिरी. पुस्तकात एस-चा एक आकडा म्हणजे सहा डेसिबल, पण बहुतेक सेटचे मीटर खालच्या आकड्यांत तेवढे प्रामाणिक नसतात, तीन-चार डेसिबललाच काटा एक घर हलतो. म्हणून मी अटेन्युएटर लावून मोजलं. फरक भरला वीस डेसिबल, म्हणजे शक्तीत शंभरपट. हा आकडा मी मास्तरांच्या वहीत त्यांच्याच पेनाने लिहिला. कोल्हापूरच्या मित्राने तेवढाच फरक दुसऱ्या टोकाने भरून काढायचा म्हटला तर त्याला ५० वॉटचे ५००० वॉट करावे लागतील. आणि मास्तर ज्या १०० वॉटसाठी ह्या सेटला दोन गुण जास्त आणि त्या सेटला कमी देत होते, त्यांचा आणि ५० वॉटचा फरक अवघा तीन डेसिबल.

त्याच कारणाने "कोणत्या सेटचा रिसीव्हर जास्त संवेदनशील" हा रकानाही निकालात निघाला. सात मेगाहर्ट्झवर साध्या खेड्यातसुद्धा माणसाने केलेल्या विजेच्या गोंगाटाची पातळी औष्णिक गोंगाटापेक्षा, म्हणजे उष्णतेमुळे मुळातच असणाऱ्या गोंगाटापेक्षा, चाळीसहून जास्त डेसिबल वर असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सूत्रात ७ मेगाहर्ट्झ घातलं की ग्रामीण भागासाठी सुमारे ४४ येतं. आजचा कुठलाही बरा सेट त्याच्या कितीतरी खालचं ऐकू शकतो. चाळीस मीटरवर प्रीॲम्प (येणारा सिग्नल वाढवणारा भाग) लावणारा माणूस स्वतःच्या शेजाऱ्याचा दिवा मोठा करून ऐकत असतो. मी तर दहा डेसिबलचा अटेन्युएटर लावूनच बसतो आणि काही गमावत नाही.

आता दोषी शोधायचे. एमसीबी एकेक करून वर करत गेलो. घरातल्या इन्व्हर्टरचा चार्जर चालू झाला की एस-७. तो बंद करून पोर्चमधला एलईडी दिवा लावला की एस-६. एक मोबाइल चार्जर, नाव नसलेला, त्याचाही थोडा हातभार. हे सगळं करायला आम्हाला दीड तास लागला. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा मास्तर त्यांना उत्साहाने सांगायला लागले की पोर्चमधला दिवा गुन्हेगार आहे.

"तो दिवा लावला की माझी पणजी आकाशवाणी भुणभुणते, हे मी तुम्हाला चतुर्थीपासून सांगत्ये," काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, रेडिओ जुना झालाय."

काकूंचा ट्रान्झिस्टर स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. पणजीचं मध्यम लहरींचं केंद्र १२८७ किलोहर्ट्झवर आहे, त्याच्या थोडं बाजूला सूर फिरवला की हाच ट्रान्झिस्टर गोंगाट हुडकायचं नामी साधन होतो. आतली फेराइटची कांडी ज्या दिशेला टोक करून धरली की आवाज मरतो त्या दिशेला गुन्हेगार. पुढचा तपास काकूंच्याच रेडिओने झाला, आणि त्यांनी स्वतः केला. मास्तर मागून वही धरून.

उपाय स्वस्त निघाले. पोर्चमधला दिवा बदलला. नावाजलेला दिवा म्हणून शांत असेलच असं नाही. दुकानातून चार वेगवेगळे आणून, ट्रान्झिस्टरजवळ लावून, त्यातला एक ठेवला. इन्व्हर्टरच्या येणाऱ्या-जाणाऱ्या तारा एचएफसाठीच्या फेराइट कड्यातून पाच-पाच वेळा ओवल्या. एकदा ओवून समाधान मानणारे बरेच असतात. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पाच वेढ्यांना पंचवीसपट. बेनामी चार्जर फेकून दिला. सकाळची पातळी एस-४ वर आली. एकूण खर्च सेटच्या किमतीच्या तुलनेत चिल्लर.

डोंगराने दिलेले गुण

९९१ए वहीत पहिला आला तो मुख्यतः एका कारणाने: एकाच पेटीत एचएफ, सहा मीटर, दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर. एचएफवर १०० वॉट, शेवटच्या दोन बँडवर (व्हीएचएफ-यूएचएफ) ५०. कागदावर हा सौदा फार गोड दिसतो आणि म्हापशाच्या किंवा पर्वरीच्या गच्चीवर तो खरोखर गोड आहे. मास्तरांच्या घरी नाही.

आम्ही चिनी हँडसेट घेऊन माडाच्या दोरीला बाहेरचा अँटेना बांधून पाहिला. दोन मीटरवर तीन दिवसांत एकही दूरचं स्टेशन आलं नाही. पूर्वेला डोंगर, उत्तरेला डोंगर. शिवाय अँटेनापासून बैठकीच्या खोलीपर्यंत पंचवीस मीटर कोॲक्स. आरजी-५८ ही पातळ कोॲक्स सात मेगाहर्ट्झवर एवढ्या लांबीत साधारण एक डेसिबल खाते, चालून जातं. तीच १४५ मेगाहर्ट्झवर पाचेक डेसिबल खाते. सेटमधून निघालेले ५० वॉट अँटेनाला पोचेपर्यंत सोळा. जाड कोॲक्स घेतली तर हे सुधारतं, डोंगर सुधारत नाही.

मास्तरांना हे पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, पुढेमागे सड्यावर घर बांधलं तर? मी म्हटलं, तेव्हा दोन मीटरसाठी वेगळा एफएम सेट घ्या, त्याला फार पैसे पडत नाहीत. आणि एकच पेटी दुरुस्तीला गेली की सगळेच बँड एकदम गेले. इथून सेट कुरियरने बाहेर पाठवायचा म्हणजे महिना-दीड महिना गेला, आणि तो महिना नेमका जुलैचा असला तर?

मायक्रोबिटएक्स आम्ही फार चर्चा न करता बाजूला ठेवला, आणि ते करताना मला वाईट वाटलं. साधारण दहा वॉटचा, उघडा, ज्याची प्रत्येक तार समजून घेता येते असा हा सेट. विद्यार्थ्यांना शिकवायला मास्तरांनी तो एरवीही घ्यावा असं मी सांगितलं. वादळाच्या रात्री एकमेव साधन म्हणून मी तो कोणाच्या घरी ठेवणार नाही.

जी-९० ने मात्र मला अडवलं. वीस वॉट, आत चांगला अँटेना ट्यूनर (तार आणि सेट एकमेकांशी जुळवणारा भाग), ऐकताना अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपास वीज खाणारा, किंमत यादीत जवळजवळ सर्वात खाली. वीस वॉट आणि परवान्याचे पन्नास वॉट ह्यांत फक्त चार डेसिबल. हिशोबाने जी-९० जिंकायला हवा होता. पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडाट सुरू होतो, चाळीस मीटर कडकड आवाजांनी भरून जातो, आणि तेव्हा समोरच्याला माझे चार डेसिबल हवे असतात. शंका असेल तेव्हा चार डेसिबल घेऊन ठेवावेत, असं माझं मत. ह्यावर माझ्याशी भांडणारे हॅम आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही.

बॅटरीचा हिशोब

मास्तरांना वाटत होतं हा मुद्दा सुटलेला आहे, कारण घरात इन्व्हर्टरची १५० एएचची (ॲम्पिअर-तासांची) बॅटरी होती. पण वीज गेल्यावर तीच बॅटरी पंखे आणि दिवे ओढते. तौक्तेच्या वेळी ती दुसऱ्या पहाटे संपली होती. रेडिओला स्वतःची बॅटरी हवी.

सेटच्या माहितीपत्रकात सगळे जण पाठवतानाचा प्रवाह बघतात, २१ किंवा २३ ॲम्पिअर. संकटात सेट दिवसभर चालू ठेवून बहुतेक वेळ फक्त ऐकायचं असतं. ७३०० ऐकताना साधारण एक ॲम्पिअर घेतो, ९९१ए सुमारे दोन. ३० एएचच्या बॅटरीवर एक जवळजवळ तीस तास, दुसरा पंधरा. तासात दहा मिनिटं बोललं तर हा फरक बराच कमी होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पुराच्या दिवशी कोण तासाला दहा मिनिटं बोलतो?

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. हे बहुतेक सेट १३.८ व्होल्टसाठी बनवलेले, पंधरा टक्के वर-खाली चालतात, म्हणजे ११.७ च्या खाली गेलं की नखरे. अर्धी उतरलेली शिशाची बॅटरी भाराखाली बारावर येते. त्यात मास्तरांनी घरातल्या वायरिंगची उरलेली दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरायची ठरवली होती, तीन मीटर. जाऊन-येऊन सहा मीटर, त्यातून बारा ॲम्पिअर, तर जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरमध्येच गेले. सेटला ११.१. बोलायला सुरुवात केली की पडदा विझणार. हे गणित मास्तरांनीच फळ्यावर सोडवल्यासारखं सोडवलं आणि स्वतःच हसले. शेवटी सहा चौरस मिलिमीटरची वायर आणि लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली, जी रिकामी होत आली तरी तेराच्या जवळपास टिकून राहते.

माझी शिफारस, आणि ती का गेली

आता मैदानात दोनच उरले होते. मी एफटी-८९१ सुचवला. दोन किलोच्या आत वजन, १०० वॉट (मास्तरांच्या परवान्यासाठी ५० वर आणून ठेवायचे), किंमत ७३०० पेक्षा बरीच कमी, रिसीव्हर गोंगाटात चांगला. आत अँटेना ट्यूनर नाही, पण आपली तार तर बँडवर बरोबर बसवलेली, मग ट्यूनर कशाला? वाचलेल्या पैशांत बॅटरी, कोॲक्स, अर्थिंग. कागदावर माझी शिफारस आजही मला नीटनेटकी दिसते.

डिचोलीत एका मित्राकडे ८९१ आहे. मास्तरांना आणि काकूंना तिथे घेऊन गेलो. मास्तर सेटसमोर बसले, चष्मा वर केला, खाली केला, शेवटी भिंग मागितलं. छोटा पडदा आणि एका बटणाखाली दडलेले थरावर थर मेनू. मोटारीत बसवायच्या सेटमध्ये हे चालतं, तिशीतल्या डोळ्यांना तर दिसतही नाही. काकू दोन मिनिटं बघून म्हणाल्या, "ह्यांना काही झालं तर मी ह्यातलं काय दाबायचं?"

तेवीस मुद्द्यांच्या वहीत हा प्रश्न नव्हता आणि माझ्या डोक्यातही नव्हता. पूर, वादळ, रात्र, आणि मास्तर आजारी: संकटाचा सेट म्हणायचं तर हाच प्रसंग पहिला धरायला हवा. माईकवर बोलायचं तर काकूंना स्वतःचा परवाना लागेल, त्यांनी परतीच्या वाटेवर गाडीतच विचारलं की परीक्षेत मोर्स असतं का. रिस्ट्रिक्टेडला नसतं. वरच्या, जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्दांचं असतं, आणि त्या ग्रेडला एचएफवर ४०० वॉटपर्यंत मुभा मिळते. काकू म्हणाल्या, मला रिस्ट्रिक्टेड पुरे.

७३०० इथे सरस ठरला, आणि तो ज्या गोष्टीसाठी २०१६ पासून गाजतोय त्याच गोष्टीमुळे. हा सेट अँटेनावरून आलेला सिग्नल मधल्या टप्प्यांत न घोळवता थेट अंकांत बदलतो, आणि त्यामुळे त्याच्या ४.३ इंची स्पर्शपडद्यावर सगळा बँड धबधब्यासारखा उतरताना दिसतो. कोण कुठे बोलतंय ते दिसतं, त्यावर बोट ठेवलं की तिथे जाता येतं. काकूंनी हे एका मिनिटात उचललं. मला मात्र त्या पडद्याचा दुसराच उपयोग दिसत होता: गोंगाट डोळ्यांना दिसतो. एलईडी किंवा चार्जर ठरावीक अंतरावर उभ्या पट्ट्या काढतो, विजेच्या तारेवरचा खराब इन्सुलेटर सगळा पडदा एकसारखा धूसर करतो. ज्या घराची मुख्य अडचण गोंगाट आहे, त्या घराला गोंगाट दाखवणारा सेट. मला हे आधी सुचायला हवं होतं.

बेळगावची फेरी

नवीन ७३०० घेतला असता तर बॅटरी आणि कोॲक्सला पैसे उरत नव्हते. बेळगावचे एक वयस्कर हॅम आपला सेट विकत होते, असं कळलं. परवानाधारकाने परवानाधारकालाच विकायचा, हे त्यांनी फोनवर आधी सांगितलं, आणि मास्तरांच्या परवान्याची प्रत मागवली. अशा माणसाकडचा जुना सेट घ्यायला मला धास्ती वाटत नाही.

चोर्ला घाटाने गेलो, मुद्दाम संध्याकाळच्या सुमारास. सेट डमी लोडला (अँटेनाऐवजी लावायच्या खोट्या भाराला) लावून प्रत्येक बँडवर शक्ती मोजली. आतल्या ट्यूनरचे रिले नीट टकटकतात का ऐकलं. दहा मिनिटं पाठवत ठेवून पंखा कधी सुरू होतो पाहिलं. मग १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम केंद्राची वेळेची टिकटिक शोधली आणि सूर जुळवून पाहिला. ह्या सेटची वारंवारता दशलक्षात अर्ध्या भागापर्यंत अचूक असायला हवी, म्हणजे तिथे पाच हर्ट्झ, आणि ती होती. पेटी, माईक, पॉवर केबल, मूळ खरेदीची पावती. मालकांनी सेट पुसून दिला आणि आम्ही निघताना पडदा एकदा परत पुसला.

पावसानंतर

जूनमध्ये माझी दुसरी चूक उघडी पडली. जानेवारीत मी तार ७.१ मेगाहर्ट्झवर अगदी बरोबर कापली होती. सत्तरीत पाऊस सुरू झाला की थांबत नाही. तार ओली, तिला लागून वाढलेली मिरीची पानं ओली, पोफळीचे झावळे तारेवर टेकलेले. जुळणीचा बिंदू खाली सरकला आणि एसडब्ल्यूआर (तार किती बेजुळ आहे ते सांगणारा आकडा) अडीचवर गेला. ८९१ असता तर त्याने शक्ती आपोआप कमी केली असती आणि मास्तर पावसात माडाखाली उभे राहिले असते. ७३०० च्या आतला ट्यूनर तीनपर्यंतचा एसडब्ल्यूआर सांभाळतो. काकूंनी बटण दाबलं, टकटक झाली, झालं. "ट्यूनर कशाला" हे माझंच वाक्य मास्तरांनी वहीत तारखेसह लिहून ठेवलं आहे, खाली लाल शाईची रेघ.

अर्थिंगने अपेक्षेपेक्षा जास्त दमवलं. चिऱ्याच्या जमिनीत सळई ठोकताच येत नाही आणि ठोकली तरी उन्हाळ्यात ती कोरडी. शेवटी पाटाच्या कडेला, जिथे माती बारा महिने ओली असते, तिथे खड्डा घेऊन कोळसा-मीठ घातलं. तरीही आकाशात गडगडलं की कोॲक्स काढून खिडकीबाहेर, हा नियम काकूंनी केला आहे. बुरशी धरू नये म्हणून सेट रोज तासभर चालू ठेवतात. न वापरलेला सेट इथे श्रावणापर्यंत हिरवा पडतो.

कोल्हापूर रोज सकाळी येतं. पुणे बहुतेक दिवस. पहाटे मात्र आयनावरण विरळ झाल्यावर चाळीस मीटरवरून कोल्हापूर नाहीसं होतं आणि दूरदूरची स्टेशनं ऐकू येतात, जी मास्तरांना त्या वेळी नको असतात. त्याला उपाय ऐंशी मीटर, आणि त्याला चाळीस मीटर लांब तार. वहीच्या नव्या पानावर कुळागराचा नकाशा आहे, त्यात दोन पोफळी गोल करून ठेवल्या आहेत; दुसरी पोफळ शेजाऱ्यांच्या हद्दीत.

त्याच शेजाऱ्यांकडून संध्याकाळी सात ते नऊ एस-६ चा गोंगाट येतो. काकूंच्या ट्रान्झिस्टरने त्याचा माग दोन दिव्यांपर्यंत काढून दाखवला. चतुर्थीला मास्तर करंज्यांबरोबर पारखून घेतलेले दोन शांत दिवे घेऊन गेले. शेजाऱ्यांनी आपल्या पोर्चमधला लगेच बदलला. दुसरा तुळशीपुढचा आहे, आणि तो उतरवा म्हणायला मास्तरांचा अजून धीर झालेला नाही.